साडूंनी न पाहिलेली जागा

आमच्या साडूंनी पाहिली नाही अशी जुनी जागा पृथ्वीच्या पाठीवर उरलेली नाही, आणि एखादी असलीच तर ती अजून कुणी खणून काढलेली नाही. भिंतीवर रानबैल रंगवलेल्या गुहा म्हणा, हजारो वर्षांपूर्वीच्या विटांच्या नाल्या म्हणा, वाळूत बुजलेली बंदरं म्हणा, कुठेही जा, तिथे आमचे साडू आधीच येऊन, सतरंजी पसरून, उताणे पडून गेलेले असतात. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचे यजमान. राहायला नागपूरच्या लकडगंजात, धंदा कळमन्याच्या बाजारात धान्याच्या अडतीचा. मी सासुरवाडीचा थोरला जावई, शिवाय शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस; आणि ते मॅट्रिकला गटांगळी खाल्लेले. तीही कोणत्या विषयात? इतिहासात! आता माझ्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

दुखतं, आणि चांगलं मुरडा आल्यासारखं दुखतं. मी तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूने सिंधू नदी काढली, तिच्या आजूबाजूला लाल ठिपके दिले आणि पोरांना दटावून सांगितलं, हे हडप्पा, हे लोथल, नीट पाहून घ्या. त्यातला एक ठिपका मी स्वतः पाहिला असेल तर शपथ. साडूंपुढे तो नकाशा धरला तर त्यांना हडप्पा बोटाने दाखवता येणार नाही, पण लोथलच्या गोदीकाठी बसून त्यांनी चिवडा खाल्लेला आहे. इसवी सनापूर्वी आणि इसवी सनानंतर यांतला फरक त्यांना अजून कळलेला नाही. त्यांच्या लेखी सगळे 'ते लोक'. जसे काही दोन गल्ल्या सोडून राहायला होते आणि अलीकडेच घर बदलून गेले. "त्या लोकायच्या नाल्या पाहा मास्तर," ते मला सांगतात, "वरून झाकलेल्या, एकदम उताराच्या. आपल्या लकडगंजात आहे का अशी एक तरी?"

याची सुरुवात झाली भोपाळला. चण्याच्या सौद्यासाठी गेले होते, सौदा फिसकटला, आणि परतीच्या गाडीला अख्खा दिवस होता. दुसरा कुणी असता तर सिनेमाला गेला असता. हे कुणीतरी सांगितलं म्हणून भीमबेटकाला गेले, गुहेत शिरले आणि सरळ जमिनीवर आडवे झाले. चौकीदाराला वाटलं माणसाला चक्कर आली. त्याने धावत येऊन तोंडावर पाणी मारलं. साडू तसेच पडल्या पडल्या म्हणाले (ते हिंदीत म्हणाले असणार, पण आम्हाला मराठीत सांगतात), "काहून पाणी टाकून राहिले बाप्पा? मी छत पाहून राहिलो. ते लोक काय दिवसभर उभे राहून पाहत असतीन?" मग म्हणे चौकीदारही शेजारी पडला, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा त्याला डोक्यावरचं हरीण दिसलं. ही चौकीदाराची भर साडूंची स्वतःची असावी असा मला संशय आहे. पण त्या दिवाळीला सासुरवाडीला ही गोष्ट निघाली, सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे वळल्या, आणि आमचे सासरे, जे तोवर प्रत्येक गोष्टीत माझं मत विचारत, मला म्हणाले, "मास्तर, जरा सरका जी. यांचं ऐकू द्या." मी सरकलो. तो मी अजून सरकलेलाच आहे.

त्यानंतर दर वर्षी, कळमन्यातला हंगाम ओसरला की साडू निघत. सोबत सतरंजी, चिवड्याचा डबा आणि आमची मेव्हणी. ती बिचारी सुरुवातीला कुरकुरली, पुढे तीही तरबेज झाली आणि पडक्या भिंती पाहून "इथं चूल असन वं" असं माझ्या बायकोला फोनवरून सांगायला लागली. कॅमेरा त्यांनी कधी नेला नाही. नेला असता तर एखादा फोटो वाकडा आला म्हणून तरी मला नाक मुरडता आलं असतं! कुठल्याही जागी पाय ठेवला की साडूंचा पहिला प्रश्न एकच, "पाणी कुठून भरत होते?" राजा कोण, लढाई कुठली, देव कोणता, काही नाही. पाण्याची जागा सापडेपर्यंत हा माणूस पुढे सरकत नाही, आणि सापडली की सतरंजी पसरून आडवा होतो. धोलावीराचे ते भले मोठे हौद पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं मेव्हणी सांगते. मीही त्या हौदांवर शिकवलेलं आहे. माझ्या वर्गात तेव्हा अर्धी पोरं पेंगत होती.

एका संग्रहालयाचा किस्सा तर मला तोंडपाठ झाला आहे, इतक्या वेळा तो मला ऐकावा लागला. काचेच्या पेटीत उत्खननात सापडलेले जळके दाणे ठेवले होते. काळे ठिक्कर. साडू पेटीला नाक लावून बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "माल ओला भरला होता." तिथे एक संशोधक बाई होत्या. त्यांनी विचारलं, कशावरून? साडूंनी सांगितलं, कोरडा दाणा जळला तर असा फुगत नाही, ओला फुगतो, आमच्या शेजारच्या गोदामाला आग लागली तेव्हा पाहिलंय. आणि त्या बाईंनी, ऐका नीट, त्या बाईंनी पर्समधून वही काढून ते लिहून घेतलं! तीस वर्षांत माझं एक वाक्य कुणी दमदाटीशिवाय लिहून घेतलेलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "तुमी काहून तोंड पाडून बसले? त्यायनं तुमचं काय घेतलं?" काय घेतलं ते तिला सांगून कळलं नसतं.

लेकीकडे इंग्लंडला गेले तेव्हा ते जगप्रसिद्ध उभे दगडही पाहून आले. मला वाटलं, आता हे आभाळाला टेकणार. तर तोंड वाकडं करून म्हणाले, "दोरी बांधून ठेवली जी. लांबूनच पाहा म्हणते. लेटू पण देत नाही." त्यांना न आवडलेली ती एकच जागा, आणि न आवडण्यापुरती का होईना, ती त्यांना पाहायला मिळाली याचाही मला हेवा वाटला. त्याच महिन्यात मी ईर्ष्येने पासपोर्ट काढला. तो गॅसचं कनेक्शन घेताना पत्त्याचा पुरावा म्हणून एकदा उपयोगी पडला, मग कोराच मुदत संपून मेला.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही का नाही गेलात? अहो, ते दर वर्षी बोलवायला यायचे. "मास्तर, चाला जी. तुमी सोबत असले तर मले समजन तरी काय पाहून राहिलो ते." आणि दर वर्षी माझे पेपर तपासायचे असायचे, नाहीतर गुडघा धरायचा, नाहीतर घरात पाहुणे यायचे. खरं कारण आज सांगतो. मला त्यांच्या मागून जायचं नव्हतं. या माणसाने मला हात धरून इतिहास दाखवावा, हे मला सोसणार नव्हतं. मला हवी होती फक्त एक जागा. एकच. जी मी पाहिली आहे आणि यांनी नाही. सासुरवाडीच्या बैठकीत मी पाय पसरून तिच्याबद्दल बोलेन आणि साडू ऐकतील, एवढीच माझी इच्छा होती.

एकदा ती पुरी होता होता राहिली. शाळेची सहल अजिंठ्याला निघाली, आणि साडूंचं अजिंठा तेव्हा व्हायचं होतं. मी नवा शर्ट शिवला. तिथे पोचल्यावर मुख्याध्यापकांनी ठरवलं की लेण्यांबाहेर पोरांच्या चपलांजवळ एक जबाबदार माणूस हवा. जबाबदार म्हणजे मी. दिवसभर मी या लेण्याबाहेरून त्या लेण्याबाहेर चपलांची राखण करत हिंडलो आणि संध्याकाळी बसमध्ये बसलो. पण सासुरवाडीला मी गप्प बसणार होय? मी रंगांचं वर्णन केलं, डोळ्यांचं केलं, अंधारातून चेहरे कसे उजळत येतात ते सांगितलं, सगळं पुस्तकातलं. साडू टक लावून ऐकत होते. पुढच्या वर्षी ते अजिंठ्याला जाऊन आले. बैठकीत सासऱ्यांनी विचारलं, कसं आहे हो? साडूंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात त्यांना सगळं कळलं होतं. आणि म्हणाले, "मास्तरांनी सांगतलं तसंच आहे." बस. इतकंच. त्या दिवसापासून तर मला त्यांचा जास्तच राग येतो.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर झाला. एक डोळा गेलाच, दुसऱ्याला उजेड आणि सावली तेवढी कळेल. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो लिहू नये असा आहे, पण लिहितो. आता हे कुठे जाणार, असा आला. नंतर मी बाल्कनीत जाऊन बराच वेळ एकटा उभा राहिलो. मला माझीच शिसारी आली होती.

आठ दिवसांनी साडूंचा फोन आला. "मास्तर, एक राहून गेलं. जुनापाणी." मी चाट पडलो. जुनापाणी म्हणजे आमच्या नागपूरच्या वेशीवर, काटोल रोडला, दगडांची ती प्राचीन वर्तुळं. "पाहिलं नाही तुम्ही?" "नाही जी. घरचंच आहे म्हटलं, पाहू कवाही. असं करता करता राहिलं. तुमी पाह्यलं असन?" मीही पाहिलं नव्हतं. तीस वर्षं त्यावर टिपा लिहा म्हणून प्रश्न काढले, पण पाहिलं नव्हतं. "पोरगी आली इंग्लंडहून, म्हणते मी नेतो," ते म्हणाले, "पण तिले काय समजते? तुमी चाला." या वेळी पेपर नव्हते. गुडघा खरंच दुखत होता, पण त्याचं नाव मी काढलं नाही.

हिवाळ्यातल्या एका सकाळी माझ्या जुन्या गाडीतून आम्ही गेलो. साडूंनी सतरंजी मांडीवर धरली होती. तिथे ते माझ्या खांद्यावर हात ठेवून गवतातून चालत आले, आणि मी सवयीप्रमाणे सुरू केलं, "महापाषाण संस्कृती ही लोहयुगीन असून…" त्यांनी खांदा दाबला. "ते राहू द्या जी. काय दिसून राहिलं ते सांगा." काय दिसतं हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं. मी डोळे फाडून पाहायला लागलो. म्हणालो, काळे दगड आहेत, हत्तीच्या पायाएवढे. गोलात मांडलेत. मध्ये माती भरलेली आहे, तिच्याखाली माणसं पुरलेली. पलीकडे आणखी एक गोल आहे, त्याच्या पलीकडे आणखी. या गोलातला एक दगड जरा बाहेर राहिलाय, पंगतीत जागा न मिळालेल्या माणसासारखा. "पाणी?" त्यांनी विचारलं. मी वळून वळून पाहिलं. उतार त्या अंगाला होता, तिकडची झाडं इतरांहून हिरवी होती. नाला असावा, मी म्हणालो. "मंग बरोबर आहे," साडू म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू ती जागा मी मुद्दाम त्यांच्यासाठी मांडून ठेवली असावी. त्यांनी एका दगडावर हात फिरवला आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. दगडावर वाटीसारखे छोटे खळगे होते, ओळीने कोरलेले. डोळे असून मला ते दिसले नव्हते. मग सतरंजी पसरली, ते उताणे पडले, आणि इकडेतिकडे कुणी नाही असं पाहून मीही शेजारी पडलो.

त्या रविवारी मेव्हणीकडे सगळे जमले. माझ्या लक्षात आलं, जुनापाणी हीच ती जागा. मी पाहिलेली, आणि त्यांनी न पाहिलेली. बैठक भरलेली होती, मी पाय पसरलेही होते. पण सगळ्यांनी सवयीने साडूंनाच विचारलं, आणि ते सांगायला लागले. काळे दगड सांगितले, गोलामागचे गोल सांगितले, नाल्याकडची हिरवी झाडं सांगितली. आणि तो बाहेर राहिलेला दगड! "तो उशिरा आला असन बिचारा," साडू म्हणाले, "पण सोडून नाही गेला. जागा नाही म्हटल्यावर मागंच बसला." हे मला दिसलं नव्हतं. मी त्या दगडासमोर दोन डोळे उघडे ठेवून उभा होतो आणि मला दिसलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला हेवा वाटला. धाकट्या मेव्हण्याने हळूच मला विचारलं, "खरंच असं आहे का हो?" साडूंचा चेहरा त्या कुजबुजीच्या दिशेने, माझ्याकडे वळला आणि तसाच थांबला.

"यांनी सांगितलं तसंच आहे," मी म्हणालो. मी पाहिलेली आणि आमच्या साडूंनी न पाहिलेली अशी एकही जागा अजून नाही.