मधला कोन

माझी आई ताडपत्री शिवते. दुकानामागच्या खोलीत जमिनीवर कापड पसरायचं, खडूने रेघ मारायची आणि गुडघ्यांवर सरकत कापत जायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आईची शाळा नववीतच सुटली होती.

आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, गणिताची निवृत्त शिक्षिका. वडील गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. दोघी एकमेकींशी जपूनच बोलत.

एकदा एका बालवाडीने अंगणासाठी तिकोनी छत मागवलं. फोनवर मापं आली: एक बाजू पाच मीटर, दुसरी चार, कोन पन्नास अंश. आईने तो कोन दोन्ही बाजूंच्या मधला धरला आणि छत शिवून पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं. तिसरी बाजू जवळजवळ अर्धा मीटर आखूड!

आई डोक्याला हात लावून बसली. "वन्सं, मापं तर बरोबर घेतली होती हो."

"कोन कुठला, ते विचारलंस?"

फोन केला. कोन पाच मीटरच्या बाजूच्या दुसऱ्या टोकाचा निघाला, चार मीटरची बाजू जिथे पोचतच नाही तिथला.

आत्याने खडू घेतला. पाच वितींची रेघ मारली, एका टोकाला तो कोन काढून त्याची दुसरी रेघ लांबवली. दुसऱ्या टोकाशी चार वितींची दोरी धरून फिरवली. दोरी त्या लांब रेघेला दोन ठिकाणी टेकली.

"अगंबाई, हे तर दोन त्रिकोण झाले!" आई म्हणाली.

"म्हणून कोन मधलाच हवा. बाजू, कोन, बाजू. बाकोबा कसोटी."

"बाकोबा! हे काय कुणाच्या मामंजींचं नाव?" आणि दोघी पहिल्यांदाच एकत्र खळखळून हसल्या.

मग तिसरी बाजूही विचारून घेतली आणि नवं छत शिवलं. ते बरोब्बर बसलं. पण आईला चैन पडेना. रोज संध्याकाळी दुकान आवरलं की त्याच जमिनीवर त्रिकोण उमटू लागले. सिद्धता लिहिताना सुरुवातीला ती कारणाच्या रकान्यात लिहायची, 'दिसतंच आहे.'

"दिसतं हे कारण नव्हे," आत्या खोडायची. "सामाईक बाजू आहे ना? मग तसं लिही."

त्रेचाळिसाव्या वर्षी आईने बाहेरून दहावीचा अर्ज भरला. परीक्षेत दोन त्रिकोण एकरूप असल्याची सिद्धता आली. ती म्हणते, प्रत्येक पायरीला कारण सुचत गेलं.

निकाल लागला. भूमितीत चाळीसपैकी तेहतीस. आई आत्यासमोर उभी राहिली. "वन्सं, तुम्ही नसता तर..."

"सात कुठे गेले, ते आधी बघू," आत्या म्हणाली आणि चष्मा पुसत बसली. बराच वेळ.

आता गल्लीतल्या दोन बायकाही संध्याकाळी वह्या घेऊन येतात. आत्याला खाली बसवत नाही, म्हणून आईने तिच्या आरामखुर्चीला जाड हिरव्या कापडाची बैठक शिवली आहे.