डायमिथाइल सल्फेट लागलेला स्कार्फ

"केमिकल न्यूमोनायटिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रसायनाच्या वाफेने फुफ्फुसाला आलेली सूज. "आत्ता सौम्य आहे. वाढते का, ते उद्यापर्यंत बघावं लागेल. आणि मॅडम, बोलायचं नाही. घसाही सुजलाय."

बोलायचं नाही म्हणे! नांदेडच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईला गप्प पडून राहा म्हणायचं, ही काय गंमत आहे? तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळ्यांतून सारखं पाणी. कूस बदलली तरी चैन नाही. डोक्यात एकच भुंगा, हे झालं कसं?

कारण सकाळी मी सगळं नियमाने केलं होतं. प्रयोगशाळेत डायमिथाइल सल्फेटची बाटली उघडताना थोडं सांडलं होतं. एका रेणूला मिथाइल गट, म्हणजे एका कार्बनचं छोटंसं शेपूट, जोडायचं असेल तर हे द्रव वापरतात. औषधं, रंग, सुगंधी द्रव्यं बनवताना ते लागतं. पण तेच शेपूट ते आपल्या पेशींनाही जोडतं. दिसायला पाण्यासारखं, वास अगदी पुसट, कांद्यासारखा. अंगावर पडलं तरी लगेच आग होत नाही. त्रास सुरू व्हायला काही तास जातात, तोवर माणूस निर्धास्त. असा हा पक्का आतल्या गाठीचा पदार्थ!

मी गॉगल लावला होता. वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडचा पंखा चालू होता. सांडलं त्यावर पातळ अमोनिया ओतला, हातमोजे टाकले, हात खळाखळा धुतले. ॲप्रन तिथंच ठेवला आणि दुपारी स्कूटीवरून घरी आले. संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले, आवाज बसला, मग श्वास पुरेना. नवऱ्याने तसंच रिक्षात घालून इथं आणलं.

हे सगळं मी मोबाईलवर लिहून दाखवलं, तरी डॉक्टरांनी पिच्छा सोडला नाही. "सांडलं तेव्हा अंगावर, आसपास काय काय होतं? घरी काय आणलं?"

तेव्हा मला स्कार्फ आठवला. टेबलाच्या कडेला ठेवलेला. मेच्या उन्हात आमच्याकडे कुठली बाई नाक-कान गुंडाळल्याशिवाय बाहेर पडते? शिंतोडे उडालेला तोच स्कार्फ घट्ट बांधून मी अर्धं शहर पार केलं होतं, आणि दर श्वासाला ते विष आत ओढलं होतं.

मी मोबाईलवर लिहून नवऱ्याला विचारलं, स्कार्फ कुठंय?

"तो व्हय? सायलीनं नेला की क्लासला. तिचा धुण्यात हाय."

सायली आमची मुलगी, अकरावीतली. डॉक्टर व्हायचंय तिला. मी मास्क ओढून उठायला गेले, तर नर्सने खांदे धरून खाली दाबलं. नवरा धावत सुटला. क्लासमध्ये मुलांचे फोन काढून घेतात, त्यामुळे तिला कळवायचीही सोय नाही. त्या वेळी मला माझ्या फुफ्फुसांचं काही पडलं नव्हतं. दार उघडलं की मान वर, आणि दर वेळी कुणीतरी भलतंच! देवाला हात जोडले, लगेच मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घातल्या, पुन्हा हात जोडले.

अखेर दोघं आले. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे त्याने स्कार्फ पिशवीत बांधून टाकला होता आणि पोरीला नळाखाली धरलं होतं. सायली नखशिखांत भिजलेली आणि भडकलेली.

"मम्मी, टेस्ट चालू व्हती! सगळ्यांसमोर डोकं धुतलं माझं!"

"नाकावर बांधला होतास का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. कांद्याचा वास येऊन राहिला व्हता त्याला. मला वाटलं स्वैपाकातला आसंल. म्हणून नुस्ता डोक्याला गुंडाळला."

मला हायसं वाटलं. डॉक्टरांना नाही. "आत्ता काही दिसत नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं," म्हणाले आणि तिला शेजारची कॉट दिली. मी डोळा लागू दिला नाही. ती खोकली की मी उठून बसायचे.

दुसऱ्या दिवशी तिचा एक्स-रे साफ निघाला. कानामागे फोड आले होते, तेवढ्यावर निभावलं. मी आवाज नसताना ढसाढसा रडले.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. असं काही सांडलं, तर "काही होत नाही" म्हणू नका. अंगावरचं, जवळपासचं प्रत्येक कापड काढा, भरपूर पाण्याने धुवा, रसायनाचं नाव घेऊन दवाखाना गाठा आणि बरं वाटत असलं तरी थांबा. कपड्यांबद्दल विचारणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

घरी आल्यावर, माझा आवाज फुटू लागला तेव्हा, सायलीने विचारलं, "परत जाणार तू तिथं?"

"जाणार. तू उद्या पेशंटला औषधं लिहून देशील, ती कुणीतरी बनवायला नको?"

"जा मग. पण घरी आलीस की आधी आंघोळ करायची. मगच मला जवळ घ्यायचं."

तिच्या केसांकडे गेलेला माझा हात तिथंच थांबला.