बरगडीला टेकलेलं लाकूड

मामाचा डावा हात उताणा होत नाही हे मला कळलं ते एका सत्यनारायणाच्या पूजेत. गुरुजींनी ओंजळ धरायला सांगितली. मामाचा उजवा तळहात वर आला, डावा मात्र खाली तोंड करूनच राहिला. त्याने एकट्या उजव्या तळव्यावर फुलं घेतली आणि माझ्याकडे बघून हसला. कारखान्यात त्या हाताला लागलं होतं, पण हाड जुळलं होतं, प्लास्टर निघालं होतं, म्हणून आम्ही सगळे हात बरा झाला असंच धरून चाललो होतो. पूजेहून परत आल्यावर तो आईला म्हणाला की बेस गिटारची मान आता धरता येत नाही.

मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि आजवर लिहिलं ते प्रॅक्टिकलचं जर्नलच. तेव्हा जसं झालं तसं क्रमाने सांगते.

मामा दिवसा कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचा आणि लग्नसराईत, नवरात्रात एका ऑर्केस्ट्रा पार्टीत बेस गिटार वाजवायचा. बेस म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. ती वाजत असते तेव्हा लोकांचं तिच्याकडे लक्ष नसतं. थांबली की मात्र गाणं पोकळ वाटायला लागतं. वाजवताना डावा हात मानेखालून घालून तळवा वर करावा लागतो, तरच बोटं तारांवर येतात. मामाचा नेमका तोच हात वळत नव्हता.

पार्टीचे मालक इथलेच, गुजराती; आम्ही लूमच्या कामासाठी नंदुरबारहून आलेले. शहराच्या पर्वत पाटिया भागात त्यांचं साड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच्या खोलीत प्रॅक्टिस चालते. माणूस वाईट नाही. नवरात्रापर्यंत थांबतो म्हणाले. तोपर्यंत जमलं नाही तर कीबोर्डवाला कीबोर्डवरच डाव्या हाताने बेसचे सूर वाजवून घेईल. मामाने हे आईला हसत हसत सांगितलं.

"त्याना डावा हात चांगला शे ना," तो म्हणाला.

आई हसली नाही. मामाचं लग्न झालेलं नाही, लूमवर तो फक्त पोटासाठी जातो आणि उरलेलं सगळं त्याच्यासाठी ती पार्टी, हे तिला माहीत आहे. ती माझ्याकडे वळली.

"आन तू त्या कॉलेजमा काय शिकी ऱ्हायनी मग?"

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मी पाण्याच्या पंपाचा विषय घेणार होते. दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत सरांकडे गेले आणि विषय बदलायचा आहे म्हणाले. त्यांनी विचारलं, "गिटार वाजवता येते?" नाही म्हटलं. "बनवता येते?" तेही नाही म्हटलं. तरी त्यांनी कार्यशाळा वापरायची परवानगी दिली. का दिली ते मला अजून माहीत नाही.

भेस्तान भागातल्या आमच्या खोलीत मी मामाला भिंतीशी उभं केलं. त्याला हात हवेत वेगवेगळ्या उंचीवर धरायला सांगितलं आणि खडूने भिंतीवर रेषा मारल्या. आई म्हणाली, दिवाळीला रंग तुझ्याकडून लावून घेईन. पण त्या रेषांवरून एक गोष्ट कळली. मान जवळपास उभी ठेवली तर हात वळवावाच लागत नाही. बसमधला उभा दांडा धरतो तशी ती धरता येते, आणि बोटं आपोआप तारांवर पडतात.

मग जुन्या बेसची मान स्क्रू काढून वेगळी केली. एका मोडीत निघालेल्या सागवानी दाराच्या फळीतून बेसचं नवं, अरुंद अंग कापलं. खाली लोखंडी पाइपचा तीन पायांचा स्टँड केला, म्हणजे खांद्यावर वजन नको. अंग डुलू नये म्हणून मागून एक टेका काढला, तो मामाच्या बरगडीला येईल असा. नवरात्रात तासन् तास उभं राहायचं, लाकूड रुतेल, म्हणून त्या टेक्यावर सोफ्याच्या दुकानातून आणलेला जाड फोम चिकटवला. आईने त्याला मखमलीची खोळ शिवली, लाल, देवीच्या आसनासारखी. मला त्या फोमचा फार अभिमान वाटत होता. बाकी सगळं हातासाठी होतं, फोम तेवढा माणसासाठी आहे असं वाटायचं.

मामाने पहिल्यांदा वाजवलं तेव्हा बोटं नीट फिरली. एकही जागा चुकली नाही. पण त्याचा चेहरा तसाच राहिला.

"छान शे व माय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आवाज वाढाव."

मी स्पीकरचा आवाज वाढवला. परत वाढवला. मांडणीवरची ताटं वाजायला लागली. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "गणपती आजच बसवला का तुम्ही?"

"माले ऐकूच येत नही," मामा म्हणाला.

"तठे नंदुरबारला आपली माय ऐकी ऱ्हायनी व्हई," आई ओरडली, "आन तुले ऐकू येत नही?"

त्यानंतर तो रोज संध्याकाळी यायचा आणि वाजवायचा. आवाज स्वच्छ येत होता, पण ताल हलायचा. मोबाइलवर गरब्याचा ठेका लावला की तो किंचित मागे पडायचा, मग घाईने पुढे जायचा. रस्ता ओलांडताना बिचकणाऱ्या माणसासारखा. मी वायरी तपासल्या, तारांखालचा आवाज पकडणारा पिकअप काढून परत बसवला, स्पीकरची जागा बदलली. सगळं ठीक होतं. नवरात्र जवळ येत चाललं आणि मामा कीबोर्डवाल्याचं कौतुक करायला लागला. पोरगा हुशार आहे, त्याचा बेसपण वाईट नाही, असं. ते ऐकलं की मला जेवण जात नसे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी मोठ्याने बोलते हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मैत्रिणी विचारायच्या, चिडलीस का? आमच्या गल्लीत सगळेच तसे बोलतात, कारण लूमच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसांशी तसंच बोलावं लागतं. पप्पांना हाक ऐकू जात नाही, मामाला जात नाही, शेजारच्या काकांना तर दाराची कडीही ऐकू येत नाही. कुणी त्याला आजार म्हणत नाही. मी मामाच्या हाताचं प्रत्येक माप घेतलं होतं. कानाबद्दल मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

एका संध्याकाळी तो तार लावत होता. लावता लावता वाकला आणि बेसच्या शेंड्यावर त्याने हनुवटी टेकवली. तशीच ठेवून तो मोबाइलच्या ठेक्याबरोबर वाजवायला लागला. ताल पक्का बसला. मग मान दुखली म्हणून सरळ झाला, आणि ताल पुन्हा हलला.

माझ्या डोळ्यांसमोर पप्पा आले, कारखान्यात दोन लूमच्या मधे उभे, एक मांडी लूमच्या सांगाड्याला लावून. लहानपणी मी डबा द्यायला जायचे तेव्हा ते नेहमी तसेच उभे दिसायचे. दमून टेकलेत असं मला वाटायचं. पण लूम बिघडायच्या आधी तिची थरथर बदलते, ती मांडीला कळते.

"मामा, जुना बेस तुझ्या अंगाला कुठे लागायचा?"

त्याने विचार न करता बरगडीवर थाप मारली. "आठे."

दारामागे पडलेलं जुन्या बेसचं अंग मी ओढून काढलं. पाठीमागे एका जागी पॉलिश पार उडालं होतं. मामा त्या जागेवरून बोट फिरवत राहिला. त्यालाही ते नवीनच होतं.

"मी त कानवरीच ऐकू," तो म्हणाला, जरा गोंधळून.

आईला खोळ उसवायला सांगितली. "इतकं शिवी दिधं, आन आते उसव म्हणस," ती करवादली, पण कात्री घेऊन बसली. तारांची थरथर फोममध्येच जिरत होती, तो सोलून काढला. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत त्याच सागवानाचा नवा टेका कापला, रुंद आणि बरगडीसारखा वळवलेला, म्हणजे दाब एका जागी येणार नाही. कडा घासून घासून गोल केल्या आणि मधे काहीही न घालता तो सरळ बेसच्या अंगात स्क्रूने आवळला.

मामाने शर्टाच्या वरून तो बरगडीला लावला आणि जाड तार छेडली. मग तो थांबला. परत छेडली.

"हां," तो म्हणाला. "आते शे."

मोबाइलवरचा ठेका सुरू होताच तो त्यात शिरला. त्याने स्वतःच हात लांब करून स्पीकरचा आवाज कमी केला. आई भाकरी थापत होती, ती तिने न बघता तव्यावर टाकली, आणि मी भिंतीवरच्या माझ्या खडूच्या रेषांखाली जमिनीवर बसले.

पर्वत पाटियाला आम्ही रिक्षाने गेलो, स्टँड मांडीवर घेऊन. कीबोर्डवाला बघून म्हणाला, "काका, कपडे सुखाने का स्टैंड उठा लाए क्या?" सगळे हसले, मामाही हसला. मालकांनी फक्त "आ शुं छे?", हे काय आहे, एवढंच विचारलं आणि खुर्ची ओढून बसले. गरबा सुरू झाला. मी मालकांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस केलं नाही, त्यांच्या चपलेकडे बघत होते. थोड्या वेळाने चप्पल हलायला लागली.

गाणं संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, "चालशे." मग कीबोर्डवाल्याला सांगितलं, तू तुझा डावा हात सांभाळ.

खाली उतरल्यावर मामाने गाडीवरचा लोचो घेतला, वाफवलेल्या डाळीचा, वर शेव भुरभुरलेला. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा आठवलं. दोन प्लेट संपवल्या.

नवरात्राच्या पहिल्या रात्री पार्टीचे सगळे निळ्या कोटात होते, सोनेरी बटणं वरपर्यंत लावलेली. मामाचा कोट तेवढा उघडा होता आणि सागवानाचा टेका कोटाच्या आत, शर्टावर टेकलेला. मालक स्टेजच्या कडेने हातवारे करत ओरडत होते, "बटन बंध कर! बटन!"

मामाला ते ऐकू आलं नाही. कदाचित आलंही असेल. तो समोर फिरणाऱ्या पायांकडे बघत वाजवत राहिला.