पदराने न पुसला गेलेला ठिपका

कोऱ्या साडीच्या खळीचा वास आला की मला पवनीच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. मला पाहायला पाहुणे आले होते आणि शेजारच्या हातमागाची खटखट बैठकीपर्यंत येत होती. पोहे झाल्यावर मुलाच्या आईने विचारलं, "पोरगी करते काय?" मी सरळ लॅपटॉपच उघडला. पडद्यावर दुर्बिणीने टिपलेल्या काळ्याभोर आकाशात एक पुसट, तांबूस ठिपका होता. विश्व कोवळं असताना निघालेला उजेड. ती दीर्घिका आहे की दुर्बिणीची चूक, हे तेव्हा मलाही नक्की ठाऊक नव्हतं. बाईंनी आपल्या कडक पदराने पडदा पुसला. "धूळ हाये बाई." "धूळ नाही मावशी, कोट्यवधी ताऱ्यांची दीर्घिका हाये ते." "लग्न झाल्यावर हे कायले पायजे? कोणाले दिसत तं नाही." आईने मला चिमटा काढला. "मले दिसते," मी म्हणाले, "आणखी पुसून पाहा. गेला तं सोडून देतो हे काम." त्यांनी खरंच जोर लावून पुसलं. ठिपका जागचा हलला नाही. पाहुणे मात्र उठले. आजही माझ्या एखाद्या ठिपक्याला कोणी डाग म्हटलं, की मी पडदा त्यांच्याकडे वळवते आणि म्हणते, पुसा.