बिजागरीवरचा अंगठा

धरणगावच्या माझ्या वर्कशॉपातल्या लोखंडी बिजागऱ्या काळ्या करून घ्यायला मी धुळ्याच्या एमआयडीसीत गेलो होतो. रसायनाच्या टाकीतून त्या वर आल्या, तेव्हा रंग कुठेच सारखा नव्हता. बऱ्याच ठिकाणी तांबूस चट्टे होते आणि एका बिजागरीवर तर चक्क अंगठा उमटला होता.

"हातमोजे न घालता कोणी हात लावला?" सुपरवायझरने विचारलं.

टाकीत सोडण्याआधी बिजागऱ्यांवरचं तेल धुतात, त्या हौदापाशी चार बाया होत्या. चौघींचेही हातमोजे कठड्यावरच पडलेले. तिघी खाली बघत राहिल्या. चौथी, पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेली, पुढे आली.

"मनाच अंगठा शे, भाऊ. तेल निंघनं का नही, ते हातमोजाले समजस नही."

तेल राहिलं तर रंग धरत नाही, म्हणून ती बोटांनी चाचपून बघत होती. आणि त्याच बोटांच्या घामाने डाग पडत होते. सुपरवायझर चिडला नाही. त्याने एका न धुतलेल्या बिजागरीवर पाणी ओतलं.

"पाण्याचे असे थेंब झाले की तेल आहे समजायचं, मावशी. सलग पसरलं की साफ."

तिने दुसरी बिजागरी घासून धुतली, वर पाणी ओतलं आणि मान तिरपी करून पाहिलं. पाणी सलग पसरलं. तेल निघालं, हे हात न लावताच कळलं. ती हसली.

तिच्या जागी मी असतो, तर आधी त्या तिघींकडे बोट दाखवलं असतं. तिने मागे वळून त्या सगळ्यांनाच हाक मारली.

"या व, बठ्ठ्या या! आते हात लावाना कामच नही."

त्या संकोचत जवळ आल्या. तिने सरकून त्यांना जागा करून दिली.