टेबलावर वाजलं ते किल्ल्यात वाजलं

बाबा दुपारी दीड ते चार झोपतात. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात या वेळात कुकर लावत नाहीत, फोन उचलत नाहीत, आणि कुरिअरवाल्यालाही ते ठाऊक झालंय. माझं नशीब बघा, आमच्या खेळाला सगळ्यांना जमेल अशी एकच वेळ निघाली, रविवारी दुपारी दीड ते चार.

खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. मी गोष्ट सांगते, बाकीचे तिघं एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरतात, आणि एखादी गोष्ट जमेल की फसेल असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकतात. चाळिशीतल्या माणसांनी हे करावं का, हे तुम्ही विचारू नका. शेजारच्या काकूंचं विचारून झालंय.

तिघांपैकी एक कोलशेतला इंजिनीअर. तो आमचा योद्धा, आणि वेफर्सशिवाय त्याची तलवार उपसली जात नाही. दुसरी माझी वकील मैत्रीण, ती जादूगारीण. तिसरा माझा शाळेपासूनचा मित्र. नौपाड्यातच एका लॅबमध्ये रक्त तपासतो, राहायला दिवा स्टेशनपाशी. तो चोर. त्याला लहानपणापासून घसा खाकरायची सवय आहे. सवय तरी का म्हणायचं, ते आपोआपच होतं. दर दोन मिनिटांनी एकदा, बोलायच्या आधी तर हमखास. डॉक्टर झाले, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. खाकरणं आहे तिथेच आहे.

बाबांच्या झोपेसाठी मी काय नाही केलं! फासे टेबलावर वाजतात म्हणून आईची जुनी गोधडी घडी करून मधे ठेवली. वेफर्स पुडीतून काढून वाटीत ओतले. दोन वर्षं आम्ही लढाया कुजबुजत लढलो, एका किल्ल्याची तिजोरी लुटायला निघालो तेही कुजबुजतच. तरी एका रविवारी योद्ध्याने राक्षस मारल्याच्या आनंदात टेबलावर अशी थाप मारली, की आतून बाबांची खाट करकरली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे नियम काढला. आजपासून टेबलावर जो आवाज होईल, तो किल्ल्यातही होईल, आणि पहारेकरी तो ऐकतील.

स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते, की रात्रीच्या भाजीत मीठ घालायला विसरले.

पुढच्या रविवारपासून माझ्या नाकी नऊ आले. योद्ध्याला शिंक आली. वकीलबाई लगेच उठून उभ्या राहिल्या. "शिंक कुणी मुद्दाम देत नाही. जे मुद्दाम नाही त्याची शिक्षा कशी?" मी म्हटलं, पहारेकऱ्याला काय कळणार मुद्दाम की कसं. मग योद्ध्याच्या पोटात गुडगुडलं. ते किती फुटांवर ऐकू जातं यावर वीस मिनिटं गेली. उचकीला वेगळा फासा हवा का, जांभई मोजायची की नाही, खुर्ची करकरली तर दोष बसणाऱ्याचा की माझ्या खुर्चीचा! अर्धी दुपार अशी कोर्टात जायची आणि किल्ला तिथेच उभा. मी हात टेकले होते, पण नियम मागे घ्यायला माझा अहंकार तयार नव्हता.

आणि या सगळ्यात पुरता भरडला गेला तो चोर. बाकीच्यांना शिंक महिन्यातून एकदा येते. हा दर दोन मिनिटांनी खाकरणारा. एकदा त्याने फासा टाकला, एकोणीस पडले. याहून चांगलं दान क्वचितच पडतं. तो आनंदाने बोलायला गेला आणि खाकरला. मी म्हटलं, "पहारेकरी वळले." योद्धा हसला. वकील म्हणाली, "आता नियम म्हणजे नियम." त्यानंतर चोर श्वास दाबून बसायला लागला. चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि शेवटी दाबलेलं सगळं एकदम बाहेर पडायचं. ते बघून मला वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर वैतागही यायचा, की हा जरा पाणी का पीत नाही!

मग एका रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. मेसेज केला तर "लॅबमध्ये काम आहे." रविवारी दुपारी त्यांची लॅब बंद असते, हे मला चांगलं माहीत होतं.

त्या दुसऱ्या रविवारी, सगळे गेल्यावर बाबा बाहेर आले. "अगं, तो खाकरणारा आजही आला नाही का? मग तिजोरीच्या खोलीत शिरणार कोण?"

मी हातातली वेफर्सची वाटी खाली ठेवली. "तुम्ही झोपला नव्हतात?"

"झोपतो कुठला! नुसता पडतो. गोष्ट ऐकतो. त्याचं खाकरणं आलं की मी कान टवकारतो, आता चोर काहीतरी डोकं लढवणार. जरा मोठ्याने बोलत जा, निम्मं कळत नाही मला."

"बाबा, दोन वर्षं आम्ही कुजबुजतोय! सांगायचं नाही का?"

"विचारलंत कुठे," असं म्हणून ते चहाचं आधण ठेवायला गेले.

माझा इतका संताप झाला, की कुणावर काढावा कळेना. गोधडी उचलून कपाटात कोंबली आणि चोराला फोन लावला. नियम रद्द झाला म्हणून सांगितलं. बाबांचंही सांगितलं. त्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो नुसता खाकरला.

"मी चोरच का घेतलेला, माहितीये तुला?" तो म्हणाला. "शाळेत, लॅबमध्ये, नाटकाला, अगं मयताला गेलो तरी लोक वळून बघतात. वाटलेलं, एका ठिकाणी तरी मी आलेलो कुणाला कळणार नाही."

शाळेत मी त्याच्या पुढच्या बाकावर बसायचे. मीही वळून बघायचे. फोनवर मला नुसतं "ये रे रविवारी" एवढंच म्हणता आलं.

तो आला. बाबांच्या खोलीचं दार आता सताड उघडं होतं. फासे नुसत्या टेबलावर खडखडत होते. किल्ल्याच्या तिजोरीपाशी दोन पहारेकरी उभे होते, आणि तिथपर्यंत जायला चोराला किमान तेरा हवे होते. फासा टाकायच्या आधी तो खाकरला. फासा घरंगळत असताना पुन्हा खाकरला. चौदा पडले. वकीलबाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"तू आत पोचलास," मी मोठ्याने म्हटलं, आतल्या खोलीतही जाईल एवढ्याने. "कुणी आलंय हे त्यांना कळलंसुद्धा नाही."