माप न देणारा भाचा

माझा भाचा सरळ चालताना उभ्या लाखांदूर तालुक्यात कोणी पाहिलेला नव्हता. तो घसरत यायचा, गिरकी घेऊन वळायचा आणि निघाला की उलट्या पावलांनी जायचा. म्हणजे तोंड आपल्याकडे, हात निरोपाचा, आणि पाय मात्र मागे मागे सरकत बस स्टँडच्या दिशेने. सुरुवातीला लोक काळजीने विचारायचे, "टेलरभाऊ, भाच्याले काही झालं काय?" मी म्हणायचो, काही झालं असतं तर औषध तरी केलं असतं. आता त्याच पोराचं गाणं लोक मोबाइलच्या रिंगला लावतात, आणि कपडे टाकायला आले की उगाच जरा जास्त वेळ बसतात.

माझं दुकान स्टँडला लागून आहे. तालुक्यातल्या किती नवरदेवांची मापं या हातांनी घेतली असतील, पण घरच्या या एका पोराचं माप मला कधी मिळालं नाही. छातीला टेप लावावा तर छाती डावीकडे, कंबर धरावी तर ती उजवीकडे. खांद्यावर बोट ठेवलं तर त्या खांद्यातून एक लाट निघायची आणि माझ्या मनगटापर्यंत येऊन पोचायची. "अरे, दोन घडी उभा राह्य ना बाप्पा," मी वैतागून म्हणायचो. तो म्हणायचा, "मामाजी, अंदाजानं शिवा ना. मी राहीन त्यात." एकदा त्याने मोबाइलवर फोटो दाखवून तशीच पँट मागितली. मी जन्मभर अंगाबरोबर कपडा शिवला, याला आत गेल्यावर अंग शोधावं लागेल असा कपडा हवा होता. मन मारून शिवली आणि दुकानात टांगली, तर एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही मंडपाची झालर किती मीटरची आहे. भाच्याला मात्र ती इतकी आवडली, की त्याने माझे पाय धरले आणि तसाच घसरत बाहेर गेला.

जमिनीचं त्याला फार. कोणाच्याही घरी गेला की आधी चप्पल काढून टाच घासून बघणार. फरशी, शहाबादी, सारवलेली जमीन, सगळ्यांशी त्याची ओळख व्हावी लागते. त्याच्या चुलतभावासाठी मुलगी बघायला आम्ही बपेऱ्याला गेलो होतो. मुलगी चहा घेऊन आली, सगळे अदबीने सावरून बसले, आणि हा मागे उभा राहून पायाने फरशी चाचपत म्हणाला, "मस्त आहे. जबरन सरकते." मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुणा मुलगी बघायला आला की घर विकत घ्यायला. सोयरीक जुळली ती नशिबाने. लग्नात जेवण कसं होतं ते याला आजही सांगता येणार नाही, पण मंडपाखालची जमीन कुठे खडबडीत होती ते विचारा.

हा उलटा पाय त्याने कुठून उचलला ते मला ठाऊक आहे. त्याची आई म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही सगळे तिला बाई म्हणतो. दिघोरीला त्यांचं धानाचं शेत आहे, आणि रोवण्याच्या वेळी बायांच्या रांगेत बाई पहिली. रोपं चिखलात खोचत खोचत ती रांग मागे सरकत जाते. लावलेलं समोर राहतं, आणि पाय न बघता मागची जागा शोधत जातात. हे पोर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून बायांच्या गाण्यावर तसंच मागे मागे जायचं आणि शेवटी कोणाच्या तरी चिखलाने भरलेल्या बांधीत धपकन पडायचं. सगळ्या बाया हसायच्या, बाई हसत नसे. "बाबू, जरा उभा राह्य ना रे. एकदा तरी तुले थाऱ्यावर पाहू दे मले." हे मागणं तिने वीस-बावीस वर्षं लावून धरलं. तिला भीती एकच होती, की हा असाच सरकत सरकत एक दिवस कुठेतरी निघून जाईल, आणि तोंड आपल्याकडेच असल्यामुळे तो गेला हे आपल्याला उशिरा कळेल.

आणि झालंही तसंच म्हणायचं. दिघोरीची बस उशिरा येते हे त्याचं भाग्य. स्टँडची फरशी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली, संध्याकाळचं तिरपं ऊन तिच्यावर पडलेलं, आणि त्या पिवळ्या चौकोनात हा एकटा आपल्या सावलीशी नाचायचा. सावली थकली की तो बसायचा आणि ओठातल्या ओठात काहीतरी जुळवायचा. "यष्टी आली नाही, वाट पाहून राहिलो, फाट्यावरच्या धुळीत नाव लिहून राहिलो." मी मशीन थांबवून ऐकायचो. आपल्या बोलण्याचं असं गाणं होतं हे मला माहीतच नव्हतं. तसं मी त्याला कधी सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसला असता. कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं, ते नागपूरला पोचलं, नागपूरहून मुंबईला, आणि मग भाचाही पोचला. तिथे नाचाच्या स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं, ही उलटी स्टेप कोणत्या क्लासमध्ये शिकलास? हा म्हणाला, "मायनं शिकवली. रोवण्यात." त्या दिवशी बाई म्हणाली, "मी कवा शिकवली? मी तर उभा राह्य म्हणत होती."

गाणी झाली, मग एका वेब सिरीजमध्ये काम मिळालं. काम काय, तर मोठा भाऊ घर सोडून जातो आणि धाकट्याने दारात उभं राहून बघायचं. बोलणं नाही, नाच नाही. मला वाटलं, हे तर खुंटीलाही जमेल. दुपारी फोन आला, आवाज रडवेला. "मामाजी, उभं कसं राह्यतेत?" सकाळपासून त्याला जमत नव्हतं. खांदा हलायचा, टाच उचलायची, आणि संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर दुसरा पोरगा घेऊ म्हणून सांगितलं होतं. मी गिऱ्हाइकांना जे रोज सांगतो तेच सांगितलं. "श्वास सोड. खांदे पडू दे. हात मांडीले लागू दे. अन् समोर मी टेप घेऊन उभा आहो असं समज."

"तुमच्यासमोर तर कधीच नाही राहिलो मामाजी."

"म्हणून म्हणतो, आता राह्य."

पुढे ती सिरीज आली तेव्हा बाई सकाळच्या बसने दुकानात आली. मशीनला मोबाइल टेकवून आम्ही दोघं बसलो. भाचा दारात उभा. इतका वेळ उभा, की बाईला वाटलं मोबाइल अडकला. तिने काचेवर बोट मारलं, तर तो खरंच अडकला. मी पुन्हा सुरू करून दिला. तो तसाच उभा होता, जाणाऱ्याच्या पाठीकडे बघत. बाईने पदर तोंडाला लावला. "याचे पाय दुखते का रे?"

"अ‍ॅक्टिंग आहे बाई ते."

"अ‍ॅक्टिंग तोंडाची असते. मी पायाचं विचारून राहिली." आणि तिने तिथूनच मुंबईला फोन लावला. "बाबू, पाय बरे आहेत ना?"

यंदा रोवणं आटोपता आटोपता तो घरी आला, आणि परतायच्या दिवशी दुकानात. दुकानाच्या दारातून एक माणूस सरळ चालत आत आला, म्हणून मी "या, बसा" म्हणालो, आणि मग तोंड पाहिलं. कुठल्याशा समारंभासाठी शर्ट हवा होता, शिवून मुंबईला पाठवायचा. मी टेप घेतला. त्याने श्वास सोडला, खांदे पाडले, हात मांडीला लावले. छाती, कंबर, बाही, गळा, सगळं मिळालं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलो ते माप हातात आलं, आणि मी उगाच गळा पुन्हा एकदा मोजला. त्याच्या मागोमाग आलेली बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होती. तिने मागितलेलं सगळं तिच्यासमोर उभं होतं. "झालं का माप?" ती म्हणाली. "सोड त्याले आता."

त्याने आमच्या पाया पडून बॅग खांद्यावर टाकली आणि स्टँडकडे निघाला. सरळ. बस लागलेलीच होती. आम्हा दोघांना त्याची पाठ दिसत होती.

"याले मागून पाहाची सवयच नाही मले," बाई म्हणाली.

शर्ट मी दुसऱ्या दिवशी कापला. माप समोर होतं, तरी बगलेत दोन बोटं कापड जास्त सोडलं. कधी त्याला वाटलंच, तर हात उचलता यावा.